युअर मॅन

या सगळ्याला जबाबदार वृंदाआत्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात दोष वाटायची वेळ आली की सगळ्यांच्या माना आपोआप माझ्याकडे वळतात. या वेळी दोष आत्याचा होता. तिचा आणि तिच्या इंग्रजी व्याकरणाचा.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नागपूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. फेब्रुवारीत ती आमच्याकडे आयर्लंडमध्ये, डून लेरीला सहा आठवड्यांसाठी आली, मार्चमध्ये करोनामुळे विमानं बंद झाली, आणि घरातल्या प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य ती लाल पेनाने तपासायला लागली.

मी पियूष. वय एकवीस. (मुलाचं नाव एका पेयावरून ठेवायचं आणि पुढे तो पेयांच्या धंद्यात गेला म्हणून कपाळाला हात लावायचा, हा कुठला न्याय?) ॲथलोनला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. नोव्हेंबरात सोडलं. सुटलं नाही, सोडलं. फरक आहे. त्याच गावात नोरा नावाच्या एका साठीच्या बाईचा पब आहे, तिथे बारमागे उभा राहायला लागलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला वर्गातल्या कोणाहीपेक्षा चांगली यायला लागली. काळी स्टाउट बिअर मी अशी भरायचो की म्हातारे शेतकरी ग्लास उजेडात धरून बघायचे.

हे घरी सांगितलं नव्हतं. सांगणारच होतो. ख्रिसमसला सांगणार होतो, मग संक्रांतीला. मग मार्चमध्ये सरकारने सगळे पब बंद केले आणि मी बॅग घेऊन घरी आलो. जाताना नोरा म्हणाली, "पब उघडले की तू माझा बार मॅनेजर." म्हणजे मला करायचं काय होतं? पब उघडेपर्यंत फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. आमच्या खानदानात हे आजवर कोणालाही जमलेलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रोज सकाळी दहा वाजता मी खोलीचं दार लावून यूट्यूबवर एखादं लेक्चर मोठ्या आवाजात लावायचो आणि झोपायचो.

एकदा बाबांनी दार ठोठावलं. "अरे, हे सर हिंदीत शिकवतायत?"

"गेस्ट लेक्चर आहे, बाबा."

"बरं बरं. आवाज चांगला आहे."

बाबा म्हणजे हेमचंद्र, सॉफ्टवेअरमधले सीनिअर आर्किटेक्ट. लॉकडाउनमध्ये त्यांचं सगळं मस्त चाललं होतं, फक्त शुक्रवार सोडून. शुक्रवारी सहा वाजले की ते इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी जायचे, हँडलवर हात ठेवायचे, आणि परत यायचे. गेली नऊ वर्षं दर शुक्रवारी त्यांची 'मंडळाची मीटिंग' असायची. आई दर शुक्रवारी डबा भरून चिवडा द्यायची. आता मीटिंग झूमवर. आठ मराठी पुरुष, त्यातले पाच म्यूटवर, आणि अध्यक्ष शिरीषकाकांचं फक्त कपाळ. वीस मिनिटांत मीटिंग आटपायची आणि बाबा सोफ्यावर पाणी न घातलेल्या कुंडीसारखे बसायचे.

आई म्हणायची, "कामाचा ताण."

मी मात्र ओळखलं. धंद्यातला माणूस ओळखतोच. हा माणूस मीटिंगला जात नव्हता. हा पबात जात होता.

दारूसाठी नव्हे. पबात लोक दारूसाठी जातात असं ज्यांना वाटतं ते कधी पबात गेलेले नसतात. नोराकडे मायकल नावाचा शेतकरी यायचा. एका ग्लासवर तीन तास, आणि बोलायला एकच शब्द, 'ग्रँड', म्हणजे 'छान चाललंय'. गाय व्याली, ग्रँड. बायको गेली, तरी ग्रँड. पण कुठलं ग्रँड कसलं आहे ते बारवरच्या प्रत्येकाला कळायचं आणि कोणीतरी मुकाट्याने स्टूल जवळ ओढायचं. बाबांची पिढी घरी ग्रँडसुद्धा म्हणत नाही. घरी ते 'वायफाय कोणी बंद केलं' म्हणतात आणि आपण ओळखायचं असतं. आपण ओळखत नाही.

तर एका शुक्रवारी बाबा म्हणाले, "मागची शेड जरा आवरतो. अवजारं नीट लावतो."

अवजारं म्हणजे एक फावडं. ते लावायला तीन शनिवार-रविवार लागले. चौथ्या आठवड्यात शेडमध्ये दिवाळीची माळ लागली होती, दोन स्टुलं होती, आणि त्यांच्या पुढे कमरेच्या उंचीला चादर टाकलेला एक काउंटर. (आई आठवडाभर इस्त्रीचं टेबल शोधत होती. मला माहीत होतं. मी गप्प होतो. गप्प बसणं हाच माझा कार्यक्रम होता.) बाबांनी आईला सांगितलं, "मंडळाचं ऑफिस केलंय. झूमला शांतता लागते."

शेडच्या मागे शेजाऱ्यांची भिंत. तिच्या पलीकडे डेक्लन, मी कॉलेजला गेल्यावर तिथे राहायला आलेला एक निवृत्त पोस्टमन, आपला कॅन घेऊन शिडीवर बसायचा. अलीकडे बाबा. मधे सरकारी नियमाचं दोन मीटर अंतर आणि एक चिवड्याची वाटी. बाबांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. इथपर्यंत कोणाचंच काही बिघडलं नव्हतं.

माझी चूक एवढीच की एका शुक्रवारी मी चिवड्याचा डबा पोचवायला तिथे गेलो. डेक्लनने माझ्याकडे बघितलं आणि शिडीवरून पडता पडता राहिला. त्याची सासुरवाडी ॲथलोन. दर महिन्याला नोराकडे तिसऱ्या स्टुलावर.

बाबा बर्फ आणायला आत गेल्यावर मी भिंतीला चिकटून म्हटलं, "डेक्लन, घरी माहीत नाही. एक शब्दही नको."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला.

(कुठलं ग्रँड कसलं आहे ते बारवरच्या प्रत्येकाला कळतं, असं मी वर म्हटलंय ते खोडावं.)

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारची जेवणं चालली होती. वरण-भात, बटाट्याची भाजी. आत्याने चमचा खाली ठेवला. चमचा खाली ठेवून ती बोलते तेव्हा कोणीतरी नापास होणार असतं.

"पद्मिनी, एक विचारू का? राग नको मानू."

"विचारा ना, ताई," आई म्हणाली.

"हेमू दर गुरुवारी ॲथलोनला जात होता ना? लॉकडाउनच्या आधी?"

"हो. त्यांच्या कंपनीचं ऑफिस आहे तिथे."

"ऑफिस आहे का पब आहे?"

बाबांचा घास हवेतच राहिला. माझा घशात.

"कपडे वाळत घालून राहिली होती मी सकाळी," आत्या म्हणाली. "तं तो पोस्टमन भिंतीवरून म्हणे, 'युअर मॅन' ॲथलोनला काय सुंदर ग्लास भरायचा! मी म्हटलं, माझा मॅन कुठून येईल बाप्पा, मी तं लग्नच नाही केलं! मग ध्यानात आलं, तो मला पद्मिनी समजून राहिला. वयाचा तं विचार करावा ना माणसानं! तर युअर मॅन म्हणजे तुझा माणूस. पझेसिव्ह आहे. हेमू त्या पबात नोकरी करून राहिला होता. नोरा म्हणून बाई आहे तिथली."

आता सांगतो. आयर्लंडमध्ये 'युअर मॅन' म्हणजे तुमचा कोणी नव्हे. म्हणजे 'तो अमका', 'तो गडी', समोरून जाणारा कोणीही. हे आईला माहीत आहे. बाबांनाही माहीत आहे. पण आत्याने ते व्याकरणासकट मराठीत आणलं, आणि नोरा हे नाव ऐकल्यावर आईने पुढचं काही ऐकलंच नाही.

"बाईचा पब?" आई म्हणाली. आवाज अगदी सपाट.

बाबांचा चेहरा पांढरा पडला. नऊ वर्षं मनात दाबलेलं असलं की माणूस आरोप नीट ऐकून घेत नाही, थेट कबूलच करतो.

"पद्मिनी, मी सांगणारच होतो. पण ॲथलोन नाही गं. इथलाच. स्टेशनजवळचा. आणि गुरुवारी नाही, शुक्रवारी."

"शुक्रवारी मंडळाची मीटिंग असते."

"तीच."

आईने वरणाचं पातेलं बाबांपासून लांब सरकवलं.

"आठही जण?"

"शिरीष अध्यक्ष आहे."

"आणि माझा चिवडा?"

"लोकांना फार आवडतो," बाबा म्हणाले. त्यांना वाटलं, ही जमेची बाजू. "बारवाला वाट्यांमधून ठेवतो."

"नऊ वर्षं! मेले पोहे भाजताना हात भाजले माझे, आणि तो चिवडा बिअरबरोबर? आणि ती नोरा कोण?"

"कोण नोरा?"

"मला विचारताय?"

मी भात वाढून घेतला. खोटं बोलत नाही, थोडं वाईट वाटलं. एका वाक्यात मी बाबांना सोडवू शकत होतो. "आई, इथे युअर मॅन म्हणजे कोणीही." पण कोणीही म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग कोण?' तेव्हा मी लोणचंही वाढून घेतलं. बाबांनी मला लहानपणापासून स्वावलंबन शिकवलंय. स्वतःचं बघावं त्यांनी.

"भांडू नका," आत्या म्हणाली. "प्रॅक्टिकल घेऊ."

वरात शेडमध्ये आली. आत्याने दिवाळीची माळ, स्टुलं आणि काउंटर असं सगळं इन्स्पेक्शनला आल्यासारखं बघितलं, आणि बाबांच्या हातात ग्लास आणि स्टाउटचा कॅन दिला. "भर."

बाबांनी भरला. ग्लास सरळ धरून, कॅन हातभर उंच नेऊन, टपरीवाला चहा वरखाली करतो तसा. फेसाचा डोंगर झाला, ग्लासबाहेर आला, काउंटरवरून चादरीवर, चादरीतून खाली. आईने चादर उचलली.

"माझं इस्त्रीचं टेबल!"

पण तिचा चेहरा सैल पडला होता. "हे नाहीत, ताई. यांना कोण नोकरीवर ठेवेल?"

"मग पोस्टमन खोटं बोलला," आत्याने निकाल दिला. "व्याकरण बरोबर, माहिती चूक."

संपलं होतं. बाबा सुटले होते, मी सुटलो होतो, नोराच्या पबाची किल्ली मला दिसत होती. सगळे वळून निघाले सुद्धा.

पण बाबांची पिढी निर्दोष सुटण्यावर समाधानी नसते. तिला हुशारही ठरायचं असतं. बाबा फेस पुसत म्हणाले, "चूक कशाला? ही अशीच भरतात. फेस जितका जास्त, तितकी चांगली."

हे वाक्य मी ऐकून घेऊ शकलो नाही. माझ्याबद्दल काहीही बोला, ऐकून घेतो. एकवीस वर्षं तेच करतोय. पण हे?

"द्या इकडे," मी म्हटलं.

स्वच्छ ग्लास घेतला. पंचेचाळीस अंशात तिरका. दुसरा कॅन ग्लासच्या कडेला टेकवून, सावकाश. पाऊण भरला की थांबायचं. ठेवून द्यायचा. हात लावायचा नाही. करडं वादळ तळाशी काळं होत जातं, तेव्हा गिऱ्हाईक बोलतं आणि आपण ऐकायचं. ती दोन मिनिटं सगळे ग्लासकडेच बघत होते. मग वरची शेवटची धार. साय अशी चढली की काठाच्या केसभर वर येऊन थांबली.

मी ग्लास बाबांपुढे सरकवला. नॅपकिन खांद्यावर कधी टाकला तेही मला कळलं नव्हतं.

भिंतीवर डेक्लनचं डोकं उगवलं. "अहा!" तो आनंदाने ओरडला. "युअर मॅन!"

आत्याने डेक्लनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांचं व्याकरण तिच्या चेहऱ्यावरून उतरताना मला स्पष्ट दिसलं.

"म्हणजे युअर मॅन म्हणजे कोणाचाही?"

"कोणाचाही नाही, ताई," आई म्हणाली. "आमचाच."

बाबांनी एक घोट घेतला. "चांगली भरलीय," ते नकळत म्हणून गेले. मग त्यांना आपण बाप असल्याचं आठवलं. "कॉलेज?"

"सोडलं. नोव्हेंबरात."

"आणि ते लेक्चर?"

"यूट्यूब."

"तरीच! म्हटलं हे सर शेवटी 'लाइक करा' का म्हणतात." मग आवाज चढवून, "शिक्षण सोडून पबात? लाज नाही वाटली?"

"तुम्ही नऊ वर्षं पबातच होतात की!"

"मी गिऱ्हाईक होतो!" बाबा म्हणाले. इतक्या अभिमानाने, जसं काही तेही आयआयटीतून उत्तीर्ण होऊनच होता येतं.

पाच मिनिटांपूर्वी त्यांचा खटला चालू होता. आता सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. नेहमीसारख्या.

जूनच्या शेवटी जेवण देणारे पब उघडले. बाबांचा स्टेशनजवळचा पब त्यातला. आता दर शुक्रवारी आईही जाते. चिवडा तिच्या स्वतःच्या हाताने बारवर ठेवते आणि बारवाल्याला मीठ बरोबर आहे का विचारते. दोघं हसत परत येतात. घरात इतकी शांतता मी कधी बघितली नव्हती. आत्याला ऑगस्टचं विमान मिळत होतं, ते तिने सोडून दिलं, कारण माझं दुसरं वर्ष पुन्हा सुरू झालंय आणि दहा वाजता माझ्या शेजारी खुर्ची टाकून कोणीतरी बसायला हवं. कॉलेजच्या सरांचं इंग्रजी तिला पसंत नाही.

सप्टेंबरात नोराच्या पबासारखे जेवण न देणारे पबही उघडले. नोराचा फोन आला. आत्याने उचलला. पियूष अभ्यास करतोय, असं तिने निर्दोष इंग्रजीत सांगितलं.

नोराने माझ्या जागी गौरवला घेतलं. माझ्याच वर्गातला. दोन्ही वर्षं पहिला आलेला, कॉलेज सांभाळून करतो. ग्लास सरळ धरतो. मी डेक्लनला विचारलं, गिऱ्हाइकं काय म्हणतात? फरक कळला असेल ना?

"ग्रँड म्हणतात," डेक्लन म्हणाला.

या वेळी कुठलं ग्रँड ते मला कळलं. नोकरी गेली माझी.