वाघधोंड्याची उभी बाजू

वाघधोंडा सुळका मीच सर करणार, असं मी यवतमाळच्या आमच्या कचेरीत चहाच्या प्रत्येक कपाबरोबर जाहीर केलं होतं! उत्तरेची घळ, पूर्वेचा मुरमाड उतार की समोरचा सरळ कडा, एवढंच ठरायचं होतं. बायकोला, म्हणजे शोभाला, अर्थातच काही बोललो नव्हतो.

कापसानं माणसं खाल्ली, ती ही वर्षं. गावोगाव मरणं होत होती. आम्हा कचेरीतल्यांना ती पेपरात दिसायची, मग आम्ही पान उलटायचो.

राळेगावच्या पुढे एसटीतून उतरलो. खांद्यावर नवाकोरा दोर. पारावर डोमाजी नावाचे एक म्हातारबुवा बसले होते.

"काका, वाघधोंड्याची सगळ्यात उभी बाजू कोणती?"

त्यांनी आधी दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एकलेच आले?"

"एकटाच!"

"घरी सांगून आले?"

"छे! बायको सोडते होय!"

म्हातारा ताडकन उठला. "चाला, मी दावतो वाट."

वाट कसली! बोरीचे काटे, नाला, पऱ्हाटीच्या शेतांचे धुरे-बांध, आणि फिरून पुन्हा तोच पार! "चुकलं जी," म्हणे. दुसऱ्या वाटेनं नेलं, ती थेट त्यांच्याच अंगणात निघाली. त्यांची सून कांताबाई हिनं माझ्यापुढे भाकर-ठेचा ठेवला आणि दोर उचलून आत नेला.

"अहो बाई, माझा दोर!"

"जेवा तं आधी, भाऊ."

तोवर अंगणात अर्धं गाव! कोणी पाठीवरून हात फिरवतंय, कोणी "पुढच्या साली पिकते, भाऊ" सांगतंय. माझी तर सरकारी नोकरी! वैतागून ओरडलो, "मला कड्यावर जाऊ द्या हो!" तशी दोघांनी माझे दंडच धरले. माझ्याच मोबाइलवरून डोमाजींनी शोभाला फोन लावला. "तुमचे मालक जित्ते हायेत, बाई! घाबरू नका, पण लवकर या!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "अहो, मी चढायला आलोय! हौस म्हणून!"

कोणीही हसलं नाही.

"माहे मालक बी असेच बोलले होते," कांताबाई म्हणाली. "बैलाले दोर आणला म्हणे. म्या इचारलंच नाही."

डोमाजींनी तोंड फिरवलं. त्यांचाच मुलगा तो.

शोभा जीप करून आली. तिनं माझं काय केलं ते सांगत नाही! दोर मी मागितला नाही.

अजून डोमाजींचा फोन येतो. "जेवले का, भाऊ? बरे हाये ना?"

"जेवलो, काका. अगदी मजेत!"

"हाव? मंग बाईले द्या फोन."