गल्लीला सोडलेली माया

मंगळवार होता. मास्टर एका कोटाची बाही उसवत बसले होते (उजवीच्या जागी डावी लागली होती, ते असो), तेवढ्यात त्यांचे मेव्हणे दुकानाच्या पायरीवर येऊन म्हणाले, "भाऊजी, ऐकलंत का? आपल्या वस्तीतून सायकल ट्रॅक जाणार. आमच्या गल्लीतून."

मेव्हणे शाळेत गणित शिकवायचे, म्हणून सगळी वस्ती त्यांना 'सर' म्हणे. मास्टर कपडे शिवायचे, म्हणून ते 'मास्टर'. सरांचं घर मागच्या गल्लीत, मास्टरांचं घर आणि दुकान पुढच्या. लग्न झाल्यापासून मास्टरांनी सरांशी घातलेला एकही वाद जिंकलेला नव्हता. पंखा कुठला घ्यावा इथपासून चहात साखर आधी घालावी की नंतर इथपर्यंत दर वेळी सरच बरोबर निघत, आणि वर "असू द्या हो भाऊजी" म्हणत. भांडले असते तर परवडलं असतं.

"तुमच्याच गल्लीतून कशावरून?" मास्टर बोलून गेले.

"मग काय तुमच्या?" सर हसले. "असू द्या हो, भाऊजी."

झालं! मास्टरांनी बाही टेबलावर आपटली. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, या माणसाला हरवायचंच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पालिकेचा इंजिनिअर नकाशा उलगडेपर्यंत निम्मी वस्ती उभी राहून बोलत होती.

"मागच्या गल्लीत सावली आहे!"

"सावलीत सायकल चालवायची की झोप काढायची?"

"पुढच्या गल्लीत कुत्री फार!"

"राहायला तुमच्याकडेच असतात. आमच्याकडे फक्त भुंकायला येतात!"

मास्टर खुर्चीवर चढून हातवारे करत होते. मास्टरीणबाईंची खरी पंचाईत. मागची गल्ली माहेर, पुढची सासर. त्या दोन्ही गल्ल्यांच्या मधल्या खुर्चीत बसून एका शर्टाला बटणं लावत होत्या.

शेवटी इंजिनिअर टेबल बडवून म्हणाला, "जी गल्ली रुंद, तिला ट्रॅक! जिथे सगळ्यांत अरुंद असेल, तिथे माप घ्या आणि मला आणून द्या. आमच्या ऑफिसातला टेप कुणीतरी नेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मागची गल्ली सर मोजायला निघाले आणि पुढच्या गल्लीत मास्टर गळ्यात टेप अडकवून उतरले. त्यांची गल्ली सगळ्यांत अरुंद होती ती नेमकी त्यांच्याच दुकानाच्या पायरीपाशी. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत ते गुडघ्यांवर सरकत गेले. दूधवाला खोळंबला, दोन रिक्षा खोळंबल्या. दुकानातल्यासारखंच मास्टर माप सांगत होते आणि मास्टरीणबाई लिहीत होत्या.

"पोट आत घेतलंय का बघा हो गल्लीने!" त्या म्हणाल्या.

"चेष्टा नको. नीट लिही."

आणि काय सांगावं! पुढची गल्ली मागच्या गल्लीपेक्षा रुंद भरली. इंजिनिअरने निकाल सांगितला तेव्हा मास्टरांनी दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला. वाट विचारायला आलेल्यालासुद्धा. सरांनी पहिल्यांदाच 'असू द्या हो' म्हटलं नाही. फक्त "असं कसं?" असं पुटपुटत घरी गेले.

आठवड्याभरात हिरव्या रंगाचे डबे घेऊन रंगारी आला. त्याने नकाशा बघून दोरी ताणली. इतका रस्ता, इतका ट्रॅक. दोरी सरळ येत येत मास्टरांच्या पायरीवर चढली आणि दाराच्या चौकटीला चिकटली.

"काका, ही पायरी कुणाची?"

"माझी. का?"

"कागदावर नाहीये ती."

मास्टरांनी बायकोकडे बघितलं. "काय गं, माप बरोबर लिहिलंस ना?"

"नेहमीसारखंच. तुम्ही सांगितलंत त्यात माया धरून."

माया म्हणजे शिवणीत दाबायला सोडतात ते जास्तीचं कापड. कोटाला दोन्ही बाजूंनी बोटभर सोडतात. मास्टरांचा चेहरा पडला.

"माया तू धरलीस?"

"मग? इतकी वर्षं कोण धरतंय?"

"अगं, मी धरूनच सांगितलं होतं! म्हटलं गल्लीचं काम, तुला सुचायचं नाही."

"आणि मला वाटलं, तुम्ही जिंकायच्या हवेत, तुम्ही विसरणार."

"किती धरलीस?"

"एवढी मोठी गल्ली! दोन्हीकडून वीत वीत."

मास्टरांनीही वीत वीतच धरली होती. म्हणजे नसलेली दोन हात गल्ली दोघांनी मिळून शिवली होती.

"दादाला सांगून टाका," मास्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "जाऊ दे ट्रॅक तिकडून."

"काका, थांबू का?" रंगाऱ्याने विचारलं.

मास्टरांच्या डोळ्यांसमोर सरांचा हसरा चेहरा आला. "थांबायचं कशाला? पायरी फोडा!"

"अहो, कोट होत नाही म्हणून गिऱ्हाइकाचं पोट कुणी कापतं का?"

"मी कापतो!"

पायरी गेली. ट्रॅक झाला, आणि काय झाला! हिरवागार, गुळगुळीत. सकाळपासून घंट्यांचा नुसता किणकिणाट. मास्टर हरखून दारात उभे राहत. दुकान आता जमिनीपासून चांगलं उंच राहिलं होतं. गिऱ्हाईक आलं की मास्टरीणबाई खाली स्टूल ठेवत आणि घंटा वाजली की झटकन वर ओढून घेत. एकदा त्यावर गिऱ्हाईक उभं होतं.

एका संध्याकाळी सर सायकलवरून आले. बरोबर पायरी होती त्या जागी उभे राहिले.

"पायरी काढलीत ते झकास केलंत, भाऊजी. ट्रॅकला मोकळीक आली."

"हो ना," मास्टर म्हणाले आणि छाती फुगवून वाट बघू लागले. आता कबुली येणार होती.

"एक सांगू? निकाल लागल्यावर मी तुमची गल्लीही गुपचूप मोजली होती. तीनदा. तीनही वेळा तुमच्या मापापेक्षा दोन हात कमी भरली." सरांचा आवाज खाली आला. "हल्ली फळ्यावर आकडा लिहिताना हात थांबतो हो माझा. पोरं हसतात. ते दोन हात गेले कुठे?"

मास्टरीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मास्टरांनी तोंड उघडलं.

"चहा घेणार?" ते म्हणाले.

"चहा राहू द्या. मला मोजायला शिकवा."

तेव्हापासून सर रोज शाळा सुटली की येतात, स्टुलावर बसतात आणि टेप कसा धरायचा ते मास्टरांकडून मन लावून शिकतात. वाद घालत नाहीत. मास्टर म्हणतील त्याला मान डोलावतात.

खरं काय झालं, ते त्यांना सांगायचं अजून राहिलं आहे.