पदूचा न भाजलेला राब

"यंदा राब भाजायचा नाय," पदूनं बायकोला सांगितलं, "आणि दिवाळीनंतर दावणीला दुसरा बैल."

राबाचा नि बैलाचा काय संबंध, ते मोतीबाईला कळेना. पदूनं आधी दार लोटलं, मग सांगितलं. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. चौक गावच्या भातखरेदी संघानं योजना काढली होती. रोपांच्या वाफ्यावर झाडांचा टहाळ तोडून जाळतात, तो राब; तो न भाजता जो रोपं काढील, त्याच्या भाताला क्विंटलमागं आठ रुपये जास्त. वैशाखात साहेब येऊन माती बघणार.

गेल्या श्रावणात पदूचा एक बैल मेला होता. उरलेल्याला जोड मागायला दारोदार जाताना त्याची मान खाली जाई. साठवलेल्यात ही भर पडली की बैल नक्की.

"गावात बोलू नको. योजनेत गावाला एकच जागा हाय."

होळीनंतर एकेकाचे राब धुमसू लागले. शेवटी दोनच उरले, एक पदूचा आणि दुसरा शेजारच्या गजाचा. गजा जन्माचा आळशी, पण त्याचा टहाळ तरी बांधावर रचलेला होता. पदूचा वाफा उघडाच. पदूसारख्या कष्टाळू माणसानं राब सोडला, तर गावात त्याचा अर्थ एकच, घरधनी आता अंथरुणातून उठत नाही.

"पदू, बरा हायस ना रं?" गजानं विचारलं.

"कुठला बरा. छातीत धरतंय," पदू म्हणाला आणि खोकला. खोकला इतका झकास जमला की त्याचा त्यालाच आवडला.

मग तो धंदाच होऊन बसला. दारात सावली पडली की पदू घोंगडीत. गावातल्या सोनुबाईनं पेज आणली, देवळातला अंगारा आणला. म्हातारा नाना उशाशी बसून हळूच म्हणाला, "पदू, तो वरचा बांध कुणाचा, ते एकदा चौघांदेखत बोलून टाक. नंतर पोरांची भांडणं नकोत."

साहेब यायच्या दिवशी पदू पहाटेच त्यांना आणायला चौकला गेला. सकाळी गजानं पाहिलं तर घोंगडी रिकामी.

"वहिनी, पदू कुठं?"

बोलायची तर बंदी. मोतीबाईनं तोंडाला पदर लावला.

"दवाखान्यात नेला," गजानं ओळखलं आणि तो गावात हाका मारत सुटला.

दुपारी पदू साहेबांना घेऊन बांधावर आला, तेव्हा वाफ्यातून धूर निघत होता. भोवती अर्धा गाव काळ्या तोंडांनी उभा.

"आलास? आता फकस्त बरा हो," गजा म्हणाला. "तुझा राब आमी भाजला. माझा सगळा टहाळ घातलाय, काय कमी नाय केलं."

साहेबांनी यादीतलं पदूचं नाव खोडलं. मग शेजारच्या वाफ्याकडे पाहिलं.

"हा कुणाचा?"

"माझा, साहेब," गजा ओशाळला. "माझा राहिला. आता टहाळ कुठला आणू?"

साहेबांनी खाली वाकून माती चिमटीत घेतली, हुंगली आणि म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."

दिवाळीनंतर गजाच्या दावणीला नवा बैल आला. गजा मनाचा मोठा. नांगरणीला बैल हवा म्हटलं की पदूला तो कधी नाही म्हणत नाही. "ने रं, तू आजारी माणूस," म्हणतो.

मागायच्या आधी पदूला दारात उभं राहून थोडं खोकावं लागतं, एवढंच.