आठ चाकांचा मुराळी

बापू जगदाळे टरबूज कानाने घेतात. सगळं देवास टरबुजावर टिचकी मारून बघतं. बापू कमरेला खोचलेला दीड वीत लांब पेचकस काढतात (पुण्या-मुंबईकडे त्याला स्क्रू-ड्रायव्हर म्हणतात), त्याचं टोक टरबुजावर टेकवतात, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावतात आणि डोळे मिटतात. मग टिचकी. ठेलेवाला सुरा हातात तसाच धरून निकालाची वाट बघत उभा. बापूंचे निकाल दोनच: "चालू आहे" किंवा "बंद आहे". जे टरबूज बंद ठरतं ते त्या दिवशी मग दुसरं कोणी घेत नाही, म्हणून ठेलेवाले बापूंना लांबून येताना पाहिलं की आपली नरम टरबुजं गोणपाटाखाली सारतात.

देवासच्या एका कारखान्यात बापूंनी उभी हयात मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. मशीनच्या धडधडीत कान अर्धे गेले, पण कोणतं बेअरिंग केव्हा निकामी होणार हे ते पेचकस लावून आठवडाभर आधी सांगायचे. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, पेचकस सुटला नाही. आमचा फ्रिज, गल्लीतला बोअर, माझ्या जावयाची मोटारसायकल, सगळं त्यांनी ऐकलेलं आहे. एकदा जिना चढून मला दम लागला तर माझ्याच छातीला पेचकस लावला. "माटसाब, ग्रीस सूख गया है. पण चालू आहे." मी हिंदी शाळेत गणित शिकवायचो, म्हणून गल्ली मला माटसाब म्हणते. पुढे डॉक्टरांनी तीन तपासण्या करून जवळपास हेच सांगितलं.

एक प्रसंग मात्र मी कोणाला सांगितला नव्हता. तीन वर्षांपूर्वी बापूंच्या पत्नी कमलवहिनी गेल्या. तेरावं उरकलं, पाहुणे पांगले, आणि संध्याकाळी मी सहज डोकावलो तर बापू स्वतःच्याच घराच्या चौकटीला पेचकस लावून उभे. बराच वेळ. मी विचारलं, "काय बापू?" "बंद आहे," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.  मी चहा न घेताच परतलो.

आता राहिलं एकच माणूस, ते म्हणजे बापूंची थोरली बहीण कावेरीअक्का. आई गेली तेव्हा बापू चार वर्षांचे आणि अक्का चौदाची. अक्काने त्यांना वाढवलं आणि मग ती लग्न होऊन गेली थेट नर्मदेकाठी, धार जिल्ह्याच्या पार टोकाला. संस्थानी दरबारच्या काळात मिळालेली जमीन, टेकाडावर घर. पुढे खाली धरण झालं आणि पाणी मागे फुगत फुगत अक्काच्या टेकाडापर्यंत आलं. गेली सहा वर्षं भादवा लागला की तिथला रस्ता पाण्याखाली जातो आणि चार घरांचं बेट होतं. ये-जा होते ती नावेने.

आणि अक्का नावेत बसत नाही.

आमच्याकडे सणाला बहिणीला सासरहून आणायला जातो त्या भावाला मुराळी म्हणतात. महाराष्ट्रात हा शब्द आता किती जणांच्या तोंडी आहे, ठाऊक नाही. आमच्या पूर्वजांनी तो फौजेबरोबर माळव्यात आणला आणि आम्ही अजून वापरतो आहोत. जगदाळ्यांची रीत त्याहून कडक: माहेरची गाडी सासरच्या दारात यायची आणि बहिणीने उतरायचं ते माहेरच्याच दारात. मध्ये गाडी बदलायची नाही. महालक्ष्म्यांना अक्का अशी दरसाल यायची, आणि त्या यायच्या ऐन भादव्यात, म्हणजे नेमक्या पाण्यात. पहिली तीन वर्षं कमलवहिनींनी अक्काशिवाय महालक्ष्म्या उभ्या केल्या. त्यानंतर मुखवटे पेटीत गेले ते गेलेच. माझी बायको सुधा म्हणाली, "भावजी, मी येते मांडायला." बापू म्हणाले, "अक्का येईल तेव्हा काढू." आणि अक्का ऐंशीची झाली.

उन्हाळ्यात रस्ता उघडा असतो. यंदा जेठात बापू मला अक्काकडे घेऊन गेले आणि येताना धारला एका भंगारवाल्याच्या आवारात शिरले, बेअरिंग बघायला. तिथे गंजक्या कुलरांच्या मागे एक हिरवी वस्तू पडली होती. आंघोळीच्या टबाला दोन्ही बाजूंनी चार-चार जाड टायर लावावेत तशी.

"भिया, ये क्या है?"

"बापूसाब, ये पानी में चलती थी."

"फिर?"

"फिर पानी में डूब गई."

कोणा हौशी माणसाने ती नर्मदेवर पर्यटकांना फिरवायला आणली होती. जमिनीवर चाकं चालतात आणि पाण्यात तीच चाकं वल्ह्यांचं काम करतात. तळाला दोन भोकं असतात, आत साठलेलं पाणी सोडायला, आणि त्यांना रबरी बुचं. मालकाने पावसाचं पाणी आत साठू नये म्हणून बुचं काढून ती शेडमध्ये उभी केली. पुराचं पाणी वरून आलं नाही, त्याच भोकांतून आलं. पाण्यात चालणारी गाडी उभ्या उभ्या बुडाली. आठवडाभर गाळात होती.

बापूंनी पेचकस काढला. टोक इंजिनावर, मूठ कानामागे, डोळे बंद. दुसऱ्या हाताने पुली किंचित फिरवली. आतून टुणकन एक बेडूक बाहेर पडला.

"चालू आहे," बापू म्हणाले.

"बापू, तो बेडूक होता."

"माटसाब, बेडूक वेगळा. इंजिन वेगळं."

तेव्हा ते कशासाठी घेताहेत हे मला कळलं नाही. ती भाड्याच्या पिकअपवर चढवून आत बसल्यावर बापू म्हणाले, "अक्का नावेत बसत नाही. गाडीत तर बसते ना?" मी त्यांच्याकडे बघितलं. सत्तर वर्षांचा माणूस, आणि चेहरा पहिला नंबर आल्यासारखा.

मग गल्लीत जो आषाढ आणि श्रावण झाला तो देवासच्या कुठल्याही गल्लीत झाला नसेल. इंजिनातून तेल निघालं ते दुधाच्या चहाच्या रंगाचं. बेअरिंगमध्ये नर्मदेची इतकी माती की सुधाने तीत तुळस लावली, आणि लागली. साखळ्या गंजून काठ्या झालेल्या. बापूंनी जुन्या साथीदारांना गाठून कारखान्यातल्या कन्व्हेयरची साखळी मिळवली. बेअरिंगं सोयाबीनच्या थ्रेशरची बसली. सगळी वायर नवी. प्लास्टिकच्या तळाला हातभर चीर होती. बापू माझ्या गच्चीवर आले, फुटक्या काळ्या टाकीला नखाने खरवडलं, म्हणाले, "जात एकच आहे," आणि टाकी कापून नेली. तिच्या पट्ट्या वितळवून त्यांनी चीर सांधली. येणारे-जाणारे विचारायचे, "बापू, उड़ेगी भी क्या?" बापू म्हणायचे, "पहले तैरने तो दे, भिया."

नारळी पौर्णिमेनंतर एका सकाळी इंजिन लागलं. आधी खोकलं, मग निळा धूर, मग असा ठोका धरला की गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली. बापूंनी पेचकस लावला आणि काढलाच नाही. मीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल करतो.

पाण्यातली परीक्षा देवासबाहेरच्या एका ओळखीच्या शेततळ्यात ठरली. निघण्यापूर्वी आमच्या दारात गाडीची पूजा झाली. आधी गाडी धुतली. बुचं काढून पाणी सोडलं. सुधाने तबक आणलं, बापूंनी सगळ्या यंत्रात मोठा मान ज्यांचा ती दोन बुचं तबकात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, नारळ फोडला. आरती झाली. आम्ही निघालो.

मला पोहता येत नाही. आमच्या घराण्याचा पाण्याशी संबंध तांब्यापुरता. तरी मी बसलो. गाडी थाटात तळ्यात उतरली, तरंगली, चाकांनी पाणी कापत मधोमध गेली. शेतकरी ओरडला, "वाह बापू!" मला वाटलं, पाय गार पडताहेत. बघतो तर घोट्यापर्यंत पाणी. बापूंनी तळाला पेचकस लावला, ऐकलं. "येतंय," म्हणाले. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुधा.

"अहो, तबकात ही दोन रबरी बुचं राहिलीत हळदकुंकवासकट. प्रसाद म्हणून वाटायची आहेत का?"

आम्ही शेवेच्या रिकाम्या डब्याने पाणी उपसत, गाडी गुडघाभर भरलेली, कसेबसे काठाला आलो. चाकांना तळ लागला आणि आठही चाकांनी आम्हाला चिखलातून वर ओढलं. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. बापू ओल्या पायजम्यात उभे राहून म्हणाले, "बघा, बुचं नव्हती तरी आली." त्या दिवसापासून ती बुचं त्यांनी सुतळीने गाडीलाच बांधून टाकली.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी पहाटेच आम्ही पिकअपवर गाडी चढवून निघालो. धार मागे पडलं आणि दहाच्या सुमारास रस्ता जिथे पाण्यात शिरतो तिथे पोचलो. पलीकडे टेकाड, मध्ये सपाट तपकिरी पाणी, त्यातून विजेच्या खांबांची डोकी वर आलेली. मी म्हणालो, "मी इथेच थांबतो, पिकअपपाशी." बापूंनी माझ्या छातीला पेचकस लावला. "चालू आहे. बसा."

अक्का ओसरीवर बसून वाती वळत होती. पाण्यातून वर आलेली गाडी अंगण ओलांडून थेट पायरीला लागली. अक्काने वात खाली ठेवली.

"हे काय आणलंस रे?"

"गाडी."

"हिला दार कुठंय?"

"दार नाही. चाकं मोज."

अक्का उठली, एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने आली. "आठ. आपल्या बैलगाडीला दोन असायची."

"सहा वर्षं मुराळी म्हणून आलो नाही," बापू म्हणाले. "वर्षाला एक चाक जास्त आणलं."

अक्काने पदर तोंडाशी नेला. मग एकदम रागावली, "मग आधी नाही सुचलं? चल, गाठोडं घेते!"

पाण्यात उतरताना मात्र तिने माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. डोळे गच्च मिटलेले. "बापू, नावेत मी एकदाच बसले. ह्यांच्या अस्थी घेऊन. पुन्हा बसायचं नाही म्हणून ठरवलं होतं रे." मी बापूंकडे पाहिलं. सहा वर्षं आम्ही जिला हट्ट म्हणत होतो ती गोष्ट ही होती, आणि मला माझी लाज वाटली.  एका हाताने गाडी सांभाळत बापूंनी पेचकस तिच्या हातात दिला आणि टोक इंजिनाच्या झाकणावर टेकवलं. "कानामागे लाव."

अक्काने लावला.

"काय ऐकू येतं?"

"धडधड."

"नावेला असते का?"

"नाही."

"मग?"

अक्काने डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. "इथं खाली आमचा कापूस होता," म्हणाली, आणि काठ येईपर्यंत पेचकस कानाला धरून बसली.

रीत पाळायची म्हणजे उतरायचं नाही. गाडी अक्कासकट फळ्यांवरून पिकअपवर चढली, दोर आवळले, आणि नऊवारीतली अक्का छत्री उघडून उंच आसनावर बसून देवासला निघाली. गणपतीचे दिवस. धारमध्ये लोकांना वाटलं झाँकी, म्हणजे देवाचा चित्ररथ, निघाली. बायांनी हात जोडले, कोणीतरी झेंडूची माळ फेकली ती अक्काच्या मांडीवर पडली. पहिल्यांदा ती संकोचली. इंदूर येईपर्यंत हात वर करून आशीर्वाद देत होती. नाक्यावर शिपायाने थांबवलं. "बाबूजी, ये क्या माल है?" बापू ताठ बसून म्हणाले, "माल नहीं, मेरी बहन है. मायके जा रही है." शिपायाने सलाम ठोकला.

दिवेलागणीला गाडी आमच्या गल्लीत पिकअपवरून उतरली आणि आपल्या चाकांवर जगदाळ्यांच्या दाराशी आली. गल्लीने ढोल बोलावला होता. उंबऱ्यापासून आत सुधाने कुंकवाची पावलं उमटवून ठेवली होती. महालक्ष्मी घरात घेताना विचारायचा प्रश्न असतो, त्याचं उत्तर ठरलेलं: सोन्याच्या पावलांनी. सुधाने अक्काच्या पायावर दूध-पाणी घालत विचारलं,

"महालक्ष्मी आली, कशाच्या पावलांनी आली?"

बापू मागून ओरडले, "आठ चाकांनी!"

गल्ली हसून लोटपोट झाली. अक्का आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला, भांडी पडली, अक्का कोणावर तरी ओरडली, "मुखवटे असे ठेवतात का रे, उलटे?" बायका आत-बाहेर करू लागल्या, ढोलवाला घाम पुसत बसला, आणि गाडीभोवती जमलेल्यांना बुचं दाखवता दाखवता मला बापू दिसेनात.

ते दारातच होते. चौकटीला पेचकस लावून, मूठ कानामागे, डोळे बंद. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय बापू?"

"चालू आहे," बापू म्हणाले.