कॉन्ट्रॅक्टर परसूअण्णा

आमच्या गल्लीतल्या परसूअण्णांना कुणी ‘ड्रायव्हर’ म्हणून हाक मारली, तर ते वळूनही बघत नसत. फारच झालं तर, "कॉन्ट्रॅक्टर म्हणा की ओ!" एवढं सुनावून पुढे चालू लागत.

माणूस जन्मभर तारिहाळच्या कारखान्यांतल्या एका कंपनीचा ट्रक चालवत आलेला. एक दिवस मालकानं ड्रायव्हरांना गोळा करून सांगितलं, "आजपासून तुम्ही नोकर नाही. कॉन्ट्रॅक्टर!" बाकीचे आपापल्या ट्रककडे वळले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं आणि जेवणाचा डबा ब्रीफकेसमधून न्यायला सुरुवात केली.

मी लोकांचे इन्कमटॅक्सचे रिटर्न भरते. अण्णा कागद घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, यांनी तुमचा पीएफ बंद केलाय. ईएसआयचा फुकटचा दवाखानाही गेला. पगाराऐवजी आता ठेक्याची बिलं दाखवतात."

"पीएफ नोकरांना असतोय, अक्का," मलाच समजावत ते म्हणाले.

रविवारी कट्ट्यावर बसून जाहीर करायचे, "उद्या मी मला सुट्टी दिलीय." तेवढ्यात मॅनेजरचा फोन यायचा आणि सकाळी अण्णा ट्रकवर हजर.

मग गोकुळ रोडला माल उतरवताना लोखंडी पेटी पायावर पडली. पाय वाचला, पण क्लच दाबायची ताकद गेली. कंपनीनं हात वर केले: कॉन्ट्रॅक्टरचं दुखणं कॉन्ट्रॅक्टरनंच बघायचं. ट्रक दुसऱ्याच्या हाती दिला.

मी चिडले. "गाडी त्यांची, कुठं जायचं ते तेच ठरवणार, सुट्टीही त्यांना विचारून! हे कसलं कॉन्ट्रॅक्ट? कामगार न्यायालयात जाऊ. मी वकील बघते. तुम्ही फक्त उभं राहून सांगायचं, मी नोकर होतो."

"ते नको, अक्का."

"का पण?"

अण्णांनी पायाची पट्टी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"आमची ही वारली, त्याच्या आधी एकदा माहेरी गेली होती. ट्रकवाल्याच्या घरी पडलीस म्हणून भावांनी तिला जन्मभर ऐकवलं. तिनं त्या वेळी सगळ्यांच्या हातावर पेढे ठेवले. म्हणाली, आमचे हे आता कुणाचे नोकर नाहीत." त्यांनी पट्टीला गाठ मारली. "आता तिला खोटं पाडू काय?"

केस झाली नाही. मी चहा ठेवला. ते तिच्याबद्दल बोलत बसले, आणि मी त्यांना उठवलं नाही.