काखेतल्या चपला

आमचे भासरे चपला काखेत घालत! घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पायांत, आणि पाळ लागली रे लागली की काढून काखेत. पाळ संपली की पुन्हा पायांत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. गावाचे वासूभाऊ.

शहात्तर-सत्त्याहत्तर साली लग्न होऊन मी साकोलीकडच्या या गावात आले. मी भंडाऱ्याची, मॅट्रिक पास, आणि पायांत उंच टाचेच्या सँडल! धुणे घेऊन तलावावर जातानासुद्धा सँडल. चिखलात टाच रुतायची, मी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायची आणि मनात म्हणायची, किती अडाणी लोक हे! भासरे तर मला पक्के चिक्कू वाटले. चपला झिजू नयेत म्हणून काखेत, दुसरे काय!

विचारायची सोय नव्हती. भासऱ्याने भावसुनेशी बोलायचे नाही, तिने त्यांच्यापुढे तोंड उघडायचे नाही, अशी रीत. वासूभाऊंनी त्यावर तोड काढली होती. ते गाईशी बोलत.

"कपिले, सांग धाकटीले, वरनात मीठ नाही पडलं."

मीही काही कमी नव्हते. "कपिले, सांग, मीठ ताटातच वाढलं हाय जी!"

मधल्या मधे गाय बिचारी रवंथ विसरायची.

पण वासूभाऊ खरे रंगात यायचे पाळीवर. दिवस कलला की चिंचेखाली मोहाची पिणारी मंडळी जमायची. प्यायची, शिशा फोडायची, चिवड्याचे कागद उडवायची आणि त्यातच लोळायची. शिशीचे बूच निघाले की वासूभाऊ हजर, हातात आरतीचे ताट! पिणाऱ्याला कुंकू लावून, घंटा वाजवत ओवाळायचे.

"बसा देवा, बसा! गावाची पाळ पवित्र करून राहिले तुमी!"

"वासू, काहून इज्जत काढतं गा?"

"इज्जत? थे तं शिशीत बुडाली ना बापा!"

मंडळी कपाळावर कुंकू घेऊन पळायची, आणि घरी बायकांना काही सांगावे लागायचे नाही. मी घाटावर तोंडात पदर कोंबून हसायची. एकदा हसता हसता सँडलसकट पाण्यात गेले, ते सोडा.

सासूबाईंनी एक दिवस सांगितले. पूर्वी त्याच चिंचेखाली वासूभाऊही बसत. त्यांनीच फोडलेल्या शिशीवर आमच्या जाऊबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा अनवाणी पाय पडला. डोक्यावर पाण्याचा गुंड होता. टाच पार चिरली. वासूभाऊंची दारू त्या दिवशीच सुटली, पण जाऊबाई एकोडीला माहेरी गेल्या त्या आल्याच नाहीत. निरोप एकच यायचा, "पाळ साफ होऊ दे, मंग येईन."

मग आला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी मारबत. पळसाच्या फांद्यांची बाहुली करायची, गावातली रोगराई तिच्यासोबत शिवेबाहेर फेकायची. एकदा फेकले की हात लावायचा नाही, नाहीतर पीडा परत! वासूभाऊंनी पाळीवरच्या साऱ्या शिशा मारबतीच्या गळ्यात बांधल्या. आणि मारबत उचलायला पुढे कोण? चिंचेखालचीच मंडळी!

"दारूची इडापिडा घेऊन जा गे मारबत!"

काय तो ढोल, काय ती धूळ! मी सँडल हातात घेऊन धावले. पदर कुठे, मी कुठे! शिवेवर मंडळींनी मारबत अशी भिरकावली की वाटभर शिशांचा खळकन चुरा. गावाने एकच जल्लोष केला. पाळ साफ झाली होती! जाऊबाईंना निरोप गेला होता, उद्या त्या एकोडीहून येणार होत्या.

एकटे वासूभाऊ त्यात नव्हते. त्यांनी रस्त्याकडे पाहिले. मग चपला काढल्या, काखेत मारल्या आणि सरळ त्या काचांत शिरले.

"अरे वासू, पीडा वापस आनतं का गा गावात?"

"मले लागली तं लागू द्या! एकोडीची वाट हेच हाय!"

ढोल थांबला.

"मंग झाडू तं आन!"

"बारीक काच झाडूले नाही समजत. पायाले समजते."

ते तळवा दाबून चाचपत होते, वाकत होते, वेचलेली काच दुपट्ट्यात टाकत होते. पाळीवर ते अनवाणी का चालत, हे मॅट्रिक पास बाईच्या डोक्यात आत्ता कुठे शिरले.

त्यांच्या टाचेतून रक्त आले. इथे कपिला नव्हती. सगळ्या गावासमोर मी तोंड उघडले.

"भाऊजी, चपला घाला ना जी!"

बायकांनी तोंडावर हात ठेवले. वासूभाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी शेजारच्या बाभळीकडे पाहिले.

"सांग धाकटीले," ते म्हणाले, "थे उद्या बिनचपलेची आली, तं?"