निळा चहा आणि नणंदेची सासू

चहाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! गवती चहा, सुंठीचा, तुळशीचा, गुळाचा कोरा; आमच्या जोहे गावातल्या बायकांचा घसा बसला की त्या डॉक्टरकडे नंतर जातात, आधी आमच्या ओट्यावर येतात. म्हणून नणंदेची सासू येणार म्हटल्यावर सगळं घर धास्तावलं, तरी मी मात्र निवांत होते.

धास्तीचं कारण साधं होतं. आमचा गणपतींचा कारखाना. सण जवळ आला की घरात माणसं कमी आणि बाप्पा जास्त. मूर्तींचे डोळे आखायची माझी नणंद मनस्वी. पण तिचं लग्न होऊन ती गेली रोह्याकडच्या खांब गावाला. माझ्या सासऱ्यांचा हात आता थरथरतो. मागच्या वर्षी त्यांनी आखलेले दोन बाप्पा एकमेकांकडे संशयानं बघत होते. माझा नवरा धनेश डोळे आखतो ते नुकतंच झोपेतून उठवल्यासारखे दिसतात. त्यामुळे सणापर्यंत मनस्वी माहेरी राहायलाच हवी होती, आणि ते ठरणार होतं तिच्या सासूच्या, बायजाबाईंच्या, शब्दावर. दोघी सकाळच्या एसटीनं येणार. बाईंचं मन रमलं तर लेक आमची, नाही तर संध्याकाळी दोघी परत रोह्याच्या गाडीत.

"चहानं जिंकते त्यांना," मी धनेशला म्हटलं.

"साधा कर," तो म्हणाला.

साधा! मी कुंपणावरची गोकर्णाची फुलं ओंजळभर खुडली. उकळत्या पाण्यात टाकली की पाणी निळंशार होतं, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत लिंबू पिळलं की त्याच पाण्याला जांभळाचा रंग चढतो. मोबाइलवर बघितलं होतं. साखर सढळ घातली आणि गाळता गाळता ओवीही जुळली:

विहीण आली दारी, तिला बसाया पाट गो,
निळ्या फुलांच्या पाण्याला कोऱ्या कपांचा थाट गो.

कोरे कप फक्त ओवीत. पाहुण्यांसाठी ठेवलेले पांढरे कप दर हंगामात बाबा, म्हणजे माझे सासरे, रंग कालवायला पळवतात. पांढऱ्या कपात रंग खोटं बोलत नाही म्हणे. उरलेले कप घासूनपुसून मी भरले आणि निवायला ओट्यावर ट्रेमध्ये ठेवले. त्याच ओट्याच्या टोकाला बाबा एका मोठ्या मूर्तीचा निळा शेला रंगवत बसले होते.

पाहुण्या आल्या. गवती चहा झाला. बायजाबाई नुसत्या "हं" म्हणाल्या. गुळाचा झाला. त्यावरही "हं"च, पण जरा लांब. मनस्वीनं मला डोळ्यांनी खुणावलं की गाडी रुळावर येतेय. सासूनं आपल्याकडच्या जायफळ घातलेल्या चहाची गोष्ट काढली, मग सुनेच्या हाताचं कौतुक केलं, मग घरी ती नसली की कशी अडचण होते तेही सांगितलं. आता निळा चहा आणायलाच हवा होता! मी ट्रे आणला, बायजाबाईंच्या हातात कप दिला, आणि लिंबू कापायला वळले.

वळले आणि बाप्पाकडे नजर गेली. पाटाखालून मुंग्यांची एक रांग निघाली होती. पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून थेट निळ्या शेल्यावर, आणि तिथं बाप्पाच्या शेल्यावर मुंग्यांची जत्रा!

रंगाला मुंग्या कधी लागतात?

म्हणजे शेल्याला लागला होता माझा साखरेचा चहा! बाबांनी ट्रेमधले कप रंगासाठी उचलले होते, आणि त्यांचे रंगाचे ट्रेमध्ये आले होते. किती आणि कुठले? बायजाबाईंचा कप ओठाशी पोचला होता. मी झेप घेतली आणि तो हिसकावला. अर्धा त्यांच्या पदरावर सांडला.

बायजाबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं पावण्याच्या हातातला कप काढून घेत नाय गो."

मी अंगात आल्यासारखी एकेका कपात लिंबू पिळत सुटले. पहिला जांभळा. दुसरा जांभळा. मनस्वी तोंडात पदर कोंबून बसलेली. शेवटी बायजाबाईंच्या कपात पिळलं. निळा तो निळाच! लिंबाचे चार थेंब उडून शेल्यावर पडले, तर तिथं मात्र टपोरे जांभळे ठिपके उमटले.

"तो कप माझा हाय," बाबा मान वर न करता म्हणाले. "तरीच म्हटलं, आज रंग एवढा पातळ का."

बायजाबाई उठल्या. मला वाटलं, निघाल्या. त्या गेल्या मूर्तीजवळ, मुंग्या बघितल्या, ठिपके बघितले, मग पदर बघितला.

"हंगामभर असंच चालतं काय हिथं?"

"व्हय," बाबा म्हणाले. खोटं बोलायची तेवढी एक वेळ होती, तीही त्यांनी घालवली.

बायजाबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या आणि निळा पदर खोचत म्हणाल्या, "मनस्वी, तू ऱ्हा गो. या घरात शुद्धीवरचं एक तरी माणूस पायजे." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "एक पुरायचं नाय. मी बी ऱ्हाते."

मनस्वीनं आखलेले डोळे यंदा असे उतरलेत की बाप्पा आता बोलेलसं वाटतं. स्वयंपाकघर बायजाबाईंच्या ताब्यात आहे. जायफळाचा चहा करतात, बाबा दोनदा मागतात, धनेश तीनदा. आणि मला उंदीर रंगवायला बसवलंय. सगळे एकाच करड्या रंगाचे. त्यात हिला चुकायला काय जागा नाय, असं बायजाबाईंचं म्हणणं.

तसे चार उंदीर जरा हिरवट झालेत, पण ते मी मागच्या रांगेत ठेवलेत.